शीर्षक एवढं सपक का? तुम्ही विचारलंत म्हणून

"लेख चांगला होता, पण शीर्षक काय ते! उघडणार कोण?" हे माझ्या लेखांबद्दल मला इतक्या जणांनी आणि इतक्या सुरांत विचारलंय की आता एकदाचं लिहूनच टाकते. विचारणारे बहुतेक आमच्याच धंद्यातले: डेस्कवरची (आलेला मजकूर तपासून मथळे देणारी) मुलं, व्हिडिओवाले, एखादा निवृत्त उपसंपादक. क्लिक कशाला म्हणतात, गुगल आपणहून लेख सुचवतं त्या डिस्कव्हरला लेख लागला की ऑफिसात पेढे का येतात, हे त्यांना मी सांगायला नको. जोडीला दुसरी तक्रार असतेच: सुरुवातीलाच हिशोब काय मांडता? माणूस दाखवा, पहाट दाखवा.

मला तसा मथळा जमत नाही असं कुणाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. डेस्कवर असताना 'अखेर', 'मोठी बातमी', 'नेमकं काय घडलं?' ही सगळी पेरणी मी केली आहे आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये त्याबद्दल शाबासकीही घेतली आहे. मथळ्यात मुद्दा दडवून ठेवायचा आणि वाचकाला आत ओढायचं, हे तंत्र इतकं बोकाळलं की 2016 मध्ये फेसबुकला असे मथळे मागे ढकलण्याची घोषणा करावी लागली. आपल्याकडे त्यानंतरही 'कारण वाचून थक्क व्हाल' सुखाने नांदतंय.

आणि कृपा करून मला टिळकांचा दाखला देऊ नका. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा 'केसरी'चा 1897 चा मथळा प्रत्येक कार्यशाळेत निघतो. बघा, तेही प्रश्नचिन्ह लावायचे! लावायचे ना. पण त्या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच आहे, लेख न उघडताही कळतं, आणि तो विचारलाय सरकारला. 1908 मध्ये ज्या लेखांवरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, त्यातल्या एकाचं शीर्षक आठवा: 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. याच्याइतकं सपक शीर्षक आज मी पाठवलं तर डेस्क परत करेल. त्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेला जावं लागलं. सपक शीर्षकाने कुणाचं काही बिघडत नाही, असं इंग्रज सरकारला तरी वाटलं नव्हतं.

हे झालं भांडण. खरं कारण वेगळं आहे आणि ते 2019 सालचं आहे.

त्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा विषय सगळीकडे होता. राज्य सरकारने समिती नेमली, सर्वेक्षण झालं. तपासलेल्या सुमारे 82 हजार बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. मी तेव्हा डेस्क सोडून स्वतंत्रपणे लिहायला लागले होते. एका गावात राहून लेख केला. शीर्षक दिलं 'खाड्याचे पैसे आणि पिशवीचं ऑपरेशन'. सुरुवात मुकादमाच्या, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराच्या, हिशोबाने केली होती: नवरा-बायकोच्या जोडीने आगाऊ घेतलेली उचल किती, एक दिवस कामावर गेलं नाही तर खाड्याचे किती कापले जातात, अनेक टोळ्यांत ते 500 रुपयांपर्यंत कसे जातात. पाळीत अंग दुखतंय म्हणून दोन दिवस पालावर पडून राहिलं की उचल फिटायची आणखी लांबते. फडात आडोसा नाही, पाणी नाही, मग जंतुसंसर्ग, मग खासगी दवाखाना, आणि तिथे डॉक्टर म्हणणार, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. हा हिशोब आधी वाचला नाही तर पुढची बाई वाचकाला फक्त बिचारी वाटते. म्हणून तो वर होता. शैली म्हणून ठेवला नव्हता.

लेख प्रसिद्ध झाला तेव्हा वर होतं: 'गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव! कारण वाचून अंगावर काटा येईल'. मुकादमाचा हिशोब चौथ्या परिच्छेदाखाली गेला होता आणि वर आली होती पहाट, धुकं, कोयत्याचा आवाज. गावाचं नाव मी बायकांना विचारून खाली एका ओळीत दिलं होतं, ते शीर्षकाखालच्या दोन ओळींच्या सारांशात चढलं. फोटोत बायका पाठमोऱ्या होत्या, पण मागची गावाची कमान ओळखू येत होती.

आकडे बघून मला आनंद झाला, हे लपवत नाही. तोपर्यंत माझं काही एवढं वाचलं गेलं नव्हतं. ओळखीपाळखीच्यांचे फोन आले, एका अधिकाऱ्याने माहिती मागितली.

चार-पाच दिवसांनी अक्कांचा फोन आला, मुलाच्या मोबाइलवरून. त्यांच्याच घरी मी राहिले होते. तिशीच्या आत ऑपरेशन झालेलं, आता चाळिशी ओलांडलेली, धाकट्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू. आवाज चढलेला नव्हता. म्हणाल्या, "ताई, आत तुम्ही चांगलं लिहिलंय म्हणतेत पोरं. पण पोरीला बघायला येणारे आत कुठं वाचतेत?" परभणीकडचे पाहुणे यायचे होते. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ती चौकट पोचली होती: फोटो, मथळा, गावाचं नाव. पाहुण्यांनी मध्यस्थाला विचारलं म्हणे, तिथल्या पोरींनाही असतंय का काही?

मी मथळा बदलायला सांगितलं. थोडी हुज्जत झाली, पण बदलला त्यांनी. आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकताना जी चौकट तयार होते ती पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच तयार होते आणि निरोपाला चिकटून जाते. वेबसाइटवर तुम्ही नंतर काहीही करा, गेलेली चौकट तशीच राहते. लिंकचा पत्ताही तोच राहिला, जुन्या मथळ्याचा, रोमन लिपीत. (आपल्याकडे पत्ते रोमन ठेवतात, कारण देवनागरीतला पत्ता कॉपी केला की एकेका अक्षराची टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते. सोय आहे, पण त्या पत्त्यात बिनगर्भाशयाचं गाव आजही वाचता येतं.)

तोवर माझं मत असं होतं की शीर्षक हे डेस्कचं, मजकूर आपला. नव्या मुलांना मी हेच सांगायचे: आतला मजकूर नीट लिहा, वरच्या पाटीची काळजी करू नका. तेव्हाची ती मी, ती डेस्कवरची बाई, मला अजून सोडत नाही. ती म्हणते, दुकानात गिऱ्हाईक शिरलंच नाही तर आत माल कितीही चोख असो, काय उपयोग? खाड्याचा हिशोब कुणी वाचला असता त्या तुझ्या शीर्षकाने? आणि ती अगदीच चूक नाही. त्याच हिवाळ्यात पालावरच्या अंगणवाडीबद्दल लिहिलं, शीर्षक माझंच राहिलं, आणि तो लेख कुणीही वाचला नाही. अंगणवाडी होती तशीच राहिली. अधिकाऱ्याचा फोन आला होता तो काट्यावाल्या मथळ्याला, हे मी विसरलेले नाही.

पण मी तिला विचारते, अक्कांना तू काय सांगशील? लेख हजारो लोकांनी वाचला असेल, मथळा त्याच्या कितीतरी पट लोकांनी. बहुतेकांसाठी मथळा हाच लेख. तो एकटा फिरतो, लेखातला 'परंतु' त्याच्यासोबत जात नाही. मग तो एकटा परभणीला गेला तर काय बोलेल, हे बघूनच मी लिहिते. लेखातल्या माणसाच्या सोयऱ्याने तेवढंच वाचलं तर? ही चाचणी लावली की उद्गारचिन्हं आपोआप गळतात आणि जे उरतं त्याला तुम्ही सपक म्हणता. म्हणा. मंत्र्यावर, कारखान्याच्या चेअरमनवर लिहिताना मी ही चाचणी लावत नाही, तिथे मथळा झोंबलाच पाहिजे. अडचण मधल्या लोकांची आहे: मुकादम, गावचा डॉक्टर, सरपंच. त्यांच्या बाबतीत मी दर वेळी वेगळं ठरवते आणि दर वेळी कुणीतरी विचारतं, मागच्या वेळी तर असं नव्हतं केलंत.

धुकं आणि पहाटेचंही तेच. ऊसतोडीवरच्या निम्म्या लेखांत धुकं आहे. थंडीत फडात धुकं असतंच, ते खोटं नाही. पण त्यात मुकादमाची वही दिसत नाही.

आता मी लेख पाठवताना वर लिहिते, शीर्षक किंवा पहिला परिच्छेद बदलायचा असेल तर आधी फोन करा. काही संपादक करतात. काही कधी करत नाहीत आणि मी तेही चालवून घेते, कारण वीजबिल भरायचं असतं. एकाने मात्र सरळ सांगितलं, एवढ्या अटी असतील तर नको, आणि माझे लेख घेणंच थांबवलं. वाचक सगळ्यात जास्त त्याच्याकडेच होते.