दांडा गेला, फ्रेम वाचली

सायकलची जुनी पोलादी फ्रेम आणि तिच्यात वर्षानुवर्षं न हललेला अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट, म्हणजे सीट धरणारा दांडा. तो आवळणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट काढला तरी दांडा केसभर सरकेना. दांडा ज्या नळीत बसतो तिच्या मागच्या खाचेत खडूसारखी पांढरी भुकटी दाटून बसली होती. ती दिसली की खूण पटते. घाम आणि पावसाचं पाणी या खाचेतून आत उतरतं, त्यातलं मीठ अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा संरक्षक थर फोडतं, आणि पोलादाला टेकलेलं असल्यामुळे झिजतं ते अ‍ॅल्युमिनियमच. त्यातून होणारं हायड्रॉक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतं, म्हणून दांडा पाचरीसारखा आवळला जातो.

बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस आणि त्याची बेअरिंगं) काढलं, फ्रेम उलटी टांगली, खालून नळीत पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे बारीक फटीत झिरपणारं तेल, सोडलं. दोन दिवसांनी दांड्याचं डोकं वाइसमध्ये पकडून फ्रेमच फिरवून पाहिली. नळी पिळली जातेय असं हाताला जाणवलं, तिथेच थांबलो. नळीचा बाहेरचा व्यास २८.६ मिमी, दांडा २७.२ मिमीचा, म्हणजे पोलाद जेमतेम ०.७ मिमी. तापवलं असतं तर रंग जळाला असता, आणि अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावत असल्याने दांडा आणखी घट्ट झाला असता. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम विरघळवतो, पोलाद सोडून देतो, पण मूळ रंग आणि स्टिकर तो शिल्लक ठेवत नाही. इथे दोन्ही शाबूत होते.

मग दांड्यावरच पाणी सोडलं. क्लॅम्पच्या वर दोन सेंटिमीटर राखून तो कापला. हॅकसॉच्या पात्याच्या एका टोकाला कापड गुंडाळून, ओढताना कापेल अशा बेताने दात धरून, आतून उभी चीर घेतली. मधूनमधून किसावर चुंबक फिरवायचा; कण चिकटला की पातं पोलादाला लागलं असं समजायचं. चीर पूर्ण खालपर्यंत न्यावी लागते, वरचा भाग मोकळा झाला म्हणून घाई केली की पट्टी मध्येच तुटते.

बोटभर अंतरावर दुसरी चीर घेतली आणि मधली पट्टी पकडीने आत वळवली. करकर आवाज करत पांढरा थर फुटला. पट्टीच्या बाहेरच्या बाजूला मोहरीएवढे खड्डे, काही अर्ध्या जाडीपर्यंत खोल. आता उरलेला भाग आत दाबला गेला आणि हाताने फिरवून निघाला.

नळी आतून काठीला गुंडाळलेल्या २४० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली, रॉकेलने धुतली, कोरडी केली. ग्रीस लावलेला नवा २७.२चा दांडा बोटाच्या दाबाने खाली गेला.