तुम्ही विचारलंत म्हणून: इंटर्नशिपला दिल्लीच गाठावी का?

परीक्षेच्या तोंडावर हा प्रश्न हमखास येतो. कधी फोनवर, कधी उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाच्या आवारात चहा पिताना. "ताई, मला नागरी हक्क आन् इंटरनेटच्या कायद्यात काम करायचंय. दिल्लीलाच जावं लागंल का?" विचारणारी पोरं अंबाजोगाईची, गंगाखेडची, उदगीरची. गेल्या आठवड्यात केजच्या एका मुलीनं विचारलं, तेव्हा माझं प्रकरण पुकारलं गेलं आणि "बघ, जमलं तर जा" एवढंच बोलून मी पळाले. ते काही उत्तर नव्हे.

आधी हिशेब. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांप्रमाणे ३ वर्षांच्या एलएलबीला एकूण किमान १२ आठवडे आणि ५ वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप लागते. एका वर्षात सलग ४ आठवड्यांच्या वर नाही. म्हणजे दिल्ली कितीही गोड लागली तरी एका वेळी महिनाभरच. उरलेले आठवडे आपल्याकडं बहुतेक जण ओळखीच्या वकिलाच्या सर्टिफिकेटवर काढतात. मीही त्यातले ४ तसेच काढलेत, खोटं कशाला बोलू.

मी स्वतः दिल्लीच्या एका संस्थेला पहिला अर्ज केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालातले निम्मे परिच्छेद त्यात ओतले होते. ९ न्यायमूर्ती, २४ ऑगस्ट २०१७, खासगीपणा हा मूलभूत हक्क, कलम २१. उत्तर आलं नाही. आता माझ्याकडं पोरांचे अर्ज तपासायला येतात तेव्हा कळतं, का आलं नसेल ते. सगळ्यांचा पहिला परिच्छेद तोच असतो.

त्या दिवाळीत गावी गेले तर आजीचं राशन अडकलेलं. माजलगावकडचं गाव, आजीचा जन्म ऊसतोडीत गेलेला, बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. आधारशी जोडलेल्या मशीनवर अंगठा उठंना. एकदा अंगठा, एकदा रेंज, एकदा "सर्व्हर डाऊन हाय, सोमवारी या." तीन खेपा. केंद्र सरकारचं २४ ऑक्टोबर २०१७चं पत्र आहे: ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, कार्ड बघून द्यावं आणि वेगळ्या नोंदवहीत लिहावं. मी दुकानदाराला ती वही मागितली. त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू मी त्याच्या घरच्या लग्नाची पत्रिका मागितली.

त्या तीन खेपांच्या तारखा, दुकानदार काय म्हणाला, पावती निघाली की नाही, हे सगळं मी दोन पानांत उतरवलं आणि पुढच्या अर्जाला जोडलं. त्यांनी बोलावलं. तिथं महिनाभर काय केलं? माहिती अधिकारात आलेल्या उत्तरांचे तक्ते भरले. भाड्याच्या खोलीत तिघी, मानधन शून्य. आजीचं राशन मात्र दिल्लीमुळं सुटलं नाही. चुलतभावाचा अंगठा उठला, त्यावर चालू झालं.

पैशाचं इथंच सांगते. मुलाखतीत मानधनाचं विचारायला लाजू नका. राहण्याची सोय नसेल तर घरबसल्या काम द्याल का, हेही विचारा. या कामातली इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन ही संस्था दिल्लीत आहे, एसएफएलसी डॉट इन देशभरातल्या इंटरनेटबंदीच्या नोंदी ठेवते, बंगळुरूला सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी आहे. अर्ज करण्याआधी त्यांचं निदान एक काम नीट वाचा.

तोवर इथं काय करायचं? ऑक्टोबर २०२३च्या शेवटी बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झालं, हे तुम्ही अनुभवलंय. कुणाचे फोन-पेचे पैसे अडकले, कुणाचा ऑनलाइन फॉर्म राहिला. पण बंदीचा आदेश कुणी वाचला? सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२०ला अनुराधा भसीन प्रकरणात सांगितलंय, की असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत. इंटरनेटबंदीच्या, तेव्हा लागू असलेल्या २०१७च्या नियमांनुसार राज्यात तो आदेश गृह विभागाचे सचिव काढायचे आणि मुख्य सचिवांच्या समितीनं ५ कामकाजी दिवसांत तो तपासायचा. बसली का ती समिती? इतिवृत्त मागा.

माहिती अधिकारात मागायची रीत साधी आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवस वाट, उत्तर नाही आलं तर २० रुपयांत पहिलं अपील. पोरं अर्ज कलेक्टर कचेरीत टाकतात. चालतं, कलम ६(३)खाली त्यांनी तो ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडं पाठवायचा असतो. पण महाराष्ट्राच्या नियमात एक मेख आहे: एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. प्रश्न १५० शब्दांत बसवताना जेवढी घासाघीस होते, तेवढी मी दिल्लीत महिनाभरात केली नाही. वाटलं तर पुढचा पेच घ्या: २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम ४४(३) माहिती अधिकार कायद्याचं ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणारं कलम, बदलतं. खासगीपणाच्या नावानं अधिकाऱ्याची माहिती झाकली जाईल का? माझं मत आहे, होय. तुमचं वेगळं असेल तर दोन पानं लिहून आणा, भांडू.

दिल्लीत एकानं मला विचारलं होतं, तुमच्या भागात नागरी हक्कांचं काम फारसं नसेल ना? मी त्याला मराठवाड्यावर निजामाचं राज्य होतं तेव्हाच्या गश्ती निशाण ५३ या हुकुमाचं सांगितलं. जाहीर सभेलाही परवानगी लागायची, आणि तरी आमच्याकडं माणसं बोलत राहिली. आधारचा प्रश्नही आमच्यापासून लांबचा नाही. देशातलं पहिलं कार्ड २९ सप्टेंबर २०१०ला नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. तो जिल्हाही आमच्याच खंडपीठाच्या हद्दीत येतो.

तेव्हा दिल्लीला जा, एकदा जरूर जा. तिथं आपल्या वयाची, आपल्यापेक्षा जास्त वाचलेली पोरं भेटतात आणि आपली खुमखुमी जिरते. पण रिकाम्या हातानं जाऊ नका.

केजच्या मुलीला हे सगळं परवा फोनवर सांगितलं. काल रात्री तिचा मसुदा आला. २१२ शब्द. त्यातले चाळीसेक "मा. महोदय" आणि "नम्र विनंती"तच गेलेत. परत पाठवलाय.