झेड पन्नास आणि एक टिंब

भोसरीच्या आमच्या मशीन शॉपमध्ये त्या दिवशी सेटर, म्हणजे मशीन आणि प्रोग्रॅम लावून देणारा कारागीर, रजेवर होता. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरणारा नवा क्लॅम्प जुन्यापेक्षा उंच, म्हणून व्हीएमसीवरच्या (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवरच्या) पोराने स्वतःच प्रोग्रॅममध्ये टूल वर उचलण्याची उंची वाढवली. झेड म्हणजे वर-खालची उंची; झेड ३० चं झेड ५० केलं. विचार अगदी बरोबर होता. फक्त पन्नासच्या पुढचं टिंब राहिलं. टिंब नसलं की आमचा कंट्रोल, म्हणजे मशीनचा कॉम्प्युटर, आकडा मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) वाचतो. पन्नास मिलिमीटरचे झाले ०.०५. टूल जॉबला जवळजवळ चिकटूनच फुल स्पीडला आडवं निघालं आणि क्लॅम्पवर आदळलं. तो आवाज मी ऑफिसात बसून ऐकला.

टूल फिरवणारा स्पिंडल गेला. मशीन अकरा दिवस बंद.

मालक म्हणाले, "पगारातून कापा." मी त्या पोराला विचारलं, "टिंबाचं तुला कधी कोणी सांगितलं होतं?"

"नाही साहेब. जॉब लावायचा, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं, एवढंच सांगितलेलं."

आयटीआय करून तो आमच्याकडेच अप्रेंटिस म्हणून आला होता. ३० किंवा जास्त माणसं असली की कारखान्याला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, शिवाय स्टायपेंडचा काही भाग सरकार देतं, म्हणून आम्ही घ्यायचो. त्याचं अख्खं वर्ष कानशीने जॉबच्या कडा मारण्यात गेलं. त्याच्या अप्रेंटिसशिपच्या कागदांवर सह्या माझ्याच आहेत.

मालकांचं उत्तर ठरलेलं: "शिकवलं की चाकणला पळतात." खोटंही नाही; तिकडे मोठ्या कंपन्या आहेत, पगार जास्त. मी वाद घातला नाही. स्पिंडलचं बिल, उशिरा गेलेल्या मालापायी गिऱ्हाइकाने कापलेल्या पैशांची डेबिट नोट आणि अकरा दिवसांचा बुडालेला धंदा एका कागदावर लिहून टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

पहिला प्रयत्न मीच फसवला. गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, फुकट क्लास ठेवला. दोघे आले, त्यातला एक डबा विसरला होता म्हणून. बरोबरच आहे, आठवड्याची एक सुट्टी कोण देईल? मग पहिली शिफ्ट सुटायच्या आधी, अडीच ते तीन, रोज एक मशीन थांबवायचं ठरलं. खरा खर्च तोच. शिकवायला सेटर घरचाच, फळा जुना. पण चालू मशीन थांबवायचं म्हटलं की मालकांच्या पोटात गोळा येतो.

ड्रॉइंग वाचणं, मायक्रोमीटर धरणं, ऑफसेट (टूलच्या मापाचा फरक मशीनला सांगणं), प्रोग्रॅम. आधी टूल हवेत फिरवून बघायचं, मगच जॉबवर. दिवाळीनंतर एक जण चाकणला गेलाच. मालकांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

टिंब विसरलेला मात्र आहे. आता नव्या अप्रेंटिसना तोच बसवतो आणि "झेड पन्नास पॉइंट" असं मोठ्याने म्हणायला लावतो. पोरं हसतात.

महिनाअखेरीला डिस्पॅच तुंबला की मालक अडीचला शॉपमध्ये येतात, थांबलेल्या मशीनकडे बघतात, घड्याळाकडे बघतात. अजून तरी काही बोललेले नाहीत.