तिसरा भाग ऐकणाऱ्याचा

मंगळवार, रात्र

कापूस वेचणीचे दिवस. जेवणं आटोपून माणसं पारावर येतात तेव्हा नऊ वाजलेले असतात आणि दहाला डोळे मिटायला लागतात. गोष्टीला मिळतात आठ-दहा मिनिटं. सांगायला शिकणाऱ्याने तेवढीच गोष्ट घ्यावी आणि ती शब्दशः पाठ करू नये. पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की माणूस अडखळतो, मग पुढचं घाईने उरकतो, आणि ती घाई ऐकणाऱ्याला लगेच कळते. पाठ करायची दोनच वाक्यं, पहिलं आणि शेवटचं. मधले चार-पाच मुक्काम ध्यानात ठेवायचे: विहीर, बैलबंडी, नदीचा उतार, सावकाराचं दार. एका मुक्कामावरून दुसऱ्यावर जायची वाट रोज थोडी वेगळी पडली तरी चालते.

मुक्कामावर हाताला लागेल अशी एक तरी वस्तू हवी. ‘गरीब शेतकरी होता’ म्हटल्याने काहीच दिसत नाही. ‘वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, झिजून चार बोटं उरली होती’ म्हटलं की बसलेल्या प्रत्येकाला आपापला वखर दिसतो.

सराव तीनदा करावा. एकदा एकट्याने, मोठ्याने. एकदा तोंड मिटून, नुसत्या हातांनी आणि नजरेने. जिथे हात थबकतात ती जागा सांगणाऱ्याने अजून पाहिलेलीच नसते. तिसऱ्यांदा लहान लेकरासमोर. ते जिथे ‘मग?’ विचारतं ते ठेवायचं, जिथे शेळीकडे बघायला लागतं ते कापायचं.

हुंकार देणारा माणूस आधीच ठरवून ठेवावा. पोळ्याला म्हणतात त्या झडतीच्या गाण्याला ‘हर हर महादेव’ची साथ मिळाली नाही तर ते कोरडं पडतं. गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारत आणि उत्तर समोरच्या माणसांकडून काढून घेत. ‘हं’ बंद झाला म्हणजे ऐकणारा झोपला तरी आहे, नाहीतर त्याच्या आत काही हललं आहे. दोन्ही वेळा थांबावं आणि चेहरा बघावा.

आता दुखवट्याच्या घराबद्दल. इथे चुका फार होतात, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

महानुभाव पंथाच्या ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथात चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत केशिराजांनी मांडले आहेत. प्रत्येकाचे भाग तीन: सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. आधी सिद्धांत, मग गोष्ट, मग त्या गोष्टीचा अर्थ. शिकवायला ही रचना पक्की आहे. पण ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याच्यासमोर पहिला आणि तिसरा भाग गिळून टाकावा. ‘म्हणून धीर धरावा’ असं आपण म्हटलं की त्याचं बोलणं तिथेच बंद होतं. गोष्ट संपली की गप्प राहावं, सावकाश दहा श्वास. ही शांतता फार लांब वाटते आणि नवा माणूस हमखास सातव्या श्वासाला बोलून बसतो.

तेरवीपर्यंत तर गोष्ट नकोच. तेव्हा विचारावं आणि ऐकावं: गेलेल्याला कोणतं कालवण आवडायचं, बैलांना काय नावानं हाक मारायचा. नंतरही गोष्ट एक पायरी दुरून घ्यावी. नापिकीने खचून जीव दिलेल्याच्या घरी तशाच मरणाची गोष्ट नेली तर जखम उकलते. राजा, चिमणी, हरवलेलं वासरू चालतं; त्यात ज्याला जितकं जवळ यायचं तितकं तो येतो. मरणाची रीत कुठल्याच गोष्टीत सांगू नये.

आणि ऐकता ऐकता कोणी ‘आता जगून काय करू’ म्हणालं, तर गोष्ट तिथेच सोडावी. जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे. त्याला एकटं सोडू नये, फवारणीच्या औषधाचे डबे घरातून हलवावेत आणि त्याच्याजवळ बसून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेला 14416 वर फोन लावावा. तिथे मराठीत बोलता येतं. गोष्ट डॉक्टरची जागा घेत नाही.

एरवी मात्र ऐकणारा जो अर्थ लावेल तो लावू द्यावा. कोणी म्हणतं, ‘त्या बाईनं परत जायचं नव्हतं.’ आपल्या मनातला अर्थ उलटा असला तरी दुरुस्त करू नये. ‘काहून?’, म्हणजे ‘का?’, एवढंच विचारावं. खरी गोष्ट बहुतेकदा त्यानंतर सुरू होते, आणि तेव्हा हुंकार द्यायची पाळी आपली.

उद्याच्या गोष्टीचं शेवटचं वाक्य सोळा शब्दांचं झालं आहे. एका श्वासात मावत नाही. आठवर आणायचं.