आठशेतला टेप

रविवार, रात्री

शेवटी आमच्या मारुती ८०० गाडीत बसला टेप. हजाराच्या आतबाहेरचा, ब्लूटूथ आणि पेनड्राइव्हवाला. आत सीडीचं यंत्र नाही, त्यामुळे हातात घेतला तर बिस्किटांच्या रिकाम्या डब्याएवढा हलका. खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत ५० वॅट गुणिले ४. मागच्या बाजूला फ्यूज १० अँपिअरचा. इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास मिळतात, म्हणजे आत जाणार जेमतेम १४० वॅट आणि बाहेर येणार म्हणे २००! खरं सांगायचं तर ४ ओहमच्या स्पीकरला असा टेप चॅनेलमागे पंधरा-वीस वॅटच्या वर स्वच्छ आवाज देऊच शकत नाही. माझी तक्रार नाही. आमची गाडी ताशी साठच्या पुढे गेली की दारं, काचा, सगळंच बोलायला लागतं. तिच्यात महागडा टेप लावणं ही निव्वळ उधळपट्टी. पैसे आणि वेळ घालायचाच तर तारांत घालावा.

नागपूरच्या सदर भागातल्या दुकानातला पोट्टा तिथंच बसवून द्यायला तयार होता. "काकाजी, दहा मिन्टं लागन फक्त. तारा पिळल्या, पट्टी मारली, झालं." नेमकं तेच नको होतं. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता, आणि तो सावलीतला आकडा. उन्हात बंद उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागे काय होत असेल! चिकटपट्टीचा गोंद तिथं पाघळतो, पट्टी सुटते आणि उघडी तार बॉडीला टेकते. जुना कॅसेटवाला काढला तेव्हा मागे हाच काळा, चिकट लगदा निघाला. म्हणून प्रत्येक जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवली. लाल तार किल्लीवर, पिवळी थेट बॅटरीच्या लाइनीवर. पिवळीही किल्लीवरच जोडून मोकळे होणारे बरेच असतात. मग किल्ली काढली की टेप सगळी स्टेशनं विसरतो. कायम चालू असणारी लाइन शोधायला टेस्ट लॅम्प घेऊन फ्यूज बॉक्सखाली उताणं पडावं लागलं. त्याबद्दल पाठ अजून बोलतेय.

सगळ्यात जास्त वेळ स्पीकरनी खाल्ला. जुन्या टेपच्या काळात मागच्या ट्रेवरच्या दोन्ही स्पीकरची एकेक तार सरळ बॉडीला जोडलेली होती. तेव्हा ते चालायचं. आताच्या टेपमध्ये स्पीकरची दोन्ही टोकं जिवंत असतात. त्यातलं एक बॉडीला लागलं की आतली अँप्लिफायरची चिप जाऊ शकते. दहा मिनिटांत बसवलेले टेप महिनाभरात का मुके होतात, त्याचं एक कारण हे असावं असा माझा संशय आहे. तेव्हा पायदानाच्या मॅटखालून मागेपर्यंत प्रत्येक स्पीकरला दोन-दोन नव्या तारा ओढल्या. प्लस-मायनस ओळखायला पेन्सिल सेल क्षणभर टेकवायचा: स्पीकरचा पडदा बाहेर आला तर सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसवर. एक स्पीकर सुलटा आणि एक उलटा लागला तर दोघांचा बास एकमेकांना खाऊन टाकतो, आणि आपण शिव्या टेपला देतो.

संध्याकाळी बाबा येऊन बसले. स्टेशनं आपोआप शोधायला लावली. ९३.५ आलं, ९४.३ आलं, ९८.३ खणखणीत. "विविध भारती काहून नाही लागून राहिली?" बाबांचा पहिलाच प्रश्न. १००.६ वर जाऊन पाहिलं, तर आकडा १००.५ वरून उडी मारून १००.७ वर! अँटेना ठीक, तारा ठीक. मग उजेड पडला. टेप अमेरिकन सेटिंगवर आला होता. तिकडे एफएमची स्टेशनं ०.२ च्या अंतरानं आणि दशांशात विषम आकड्यांवरच असतात. आपली खाजगी स्टेशनं योगायोगानं विषम, म्हणून ती लागली. सरकारी तेवढं सम निघालं. मेनूतला एरिया बदलला आणि १००.६ वाजायला लागलं.

बाबांचं समाधान अर्धंच. त्यांना मुळात ५८५ हवं, म्हणजे मीडियम वेव्हवरचं आकाशवाणीचं नागपूर केंद्र, १९४८ पासूनचं. या टेपात मीडियम वेव्हच नाही. स्वस्त टेप घेताना हे खोक्यावर कोण बघतं! (मी बघितलं होतं, बाबांना सांगितलं नव्हतं.) फोनवर आकाशवाणीचं न्यूजऑनएअर अ‍ॅप लावून ब्लूटूथनं ऐकवलं. आवाज मीडियम वेव्हपेक्षा कितीतरी साफ. "हो, पण ह्याले नेट लागते नं," बाबा म्हणाले. रामटेकच्या रस्त्यावर मध्येच रेंज गेली की काय, हा त्यांचा मुद्दा मला खोडता आला नाही.

एक काम उरलंय. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते, आणि इंजिनासोबत चढत जाते. अल्टरनेटरचा आवाज आहे हा. बहुतेक काळ्या तारेचं अर्थिंग कच्चं. ज्या बोल्टवर ती कसलीय त्याच्याखाली रंग आहे. पुढच्या रविवारी पॉलिश पेपरनं पत्रा घासून तार नीट कसायची. बाबांच्या मते गरज नाही. "शिट्टी वाजून राहिली म्हंजे गाडी चालू आहे. चांगलंच आहे की."