तुम्ही विचारलंत म्हणून: मालक आपल्या पुण्याचा, मग चिडता कशाला?

माझ्या कृषी केंद्रात गल्ल्याच्या मागे एक शर्ट खिळ्याला टांगलेला आहे. अर्धा निळा, अर्धा पांढरा. हा इथल्याच टेलरकडून शिवून घेतलेला. माप घेताना त्याने विचारलं होतं, "कापड कमी पडलं का भाऊ?" त्याला सांगितलं, असाच असतो, ब्लॅकबर्न रोव्हर्स नावाच्या इंग्लंडातल्या फुटबॉल क्लबचा आहे. त्याने मान डोलावली आणि शिलाईचे पैसे मात्र आगाऊ मागितले.

शर्ट बघून गिऱ्हाईक दोन प्रश्न विचारतं. पहिला सोपा: मँचेस्टर, लिव्हरपूल सोडून हेच कुठून काढलं? दुसरा खरा: मॅच हरली की लोक खेळाडूंना शिव्या देतात, तुम्ही मालकांवर घसरता, आणि मालक तर आपल्या पुण्याचे व्यंकीज! खेड्यावरचे एक आबा तर दर वेळी म्हणतात, "तुले काय करनं शे रे भो?"

पहिल्याचं उत्तर पटकन देतो. नोव्हेंबर २०१०मध्ये व्यंकीजने ब्लॅकबर्न विकत घेतला, किंमत २ कोटी ३० लाख पौंड. कोंबड्यांच्या धंद्यातला पुणेकर प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल स्पर्धेत, क्लबचा मालक! मी तेव्हा जळगावला हॉस्टेलवर होतो. बाकीची पोरं मँचेस्टर युनायटेड, चेल्सी करत होती, मी म्हटलं आपण आपलं घरचं धरू. नंतर कळलं की नातं त्याहून जुनं आहे. ब्लॅकबर्न हे लँकेशायरचं कापड विणणारं गाव, आमच्या अमळनेरपेक्षा थोडंसंच मोठं. १८६१ ते १८६५च्या यादवीत अमेरिकेचा कापूस अडला, तेव्हा लँकेशायरचे डोळे इकडे वळले आणि खान्देशच्या कापसाला भाव चढला. पुढे १९३१ साली परदेशी कापडावरच्या बहिष्काराने ज्यांच्या पोटावर पाय आला होता, त्या कामगारांना भेटायला गांधीजी गेले, ते ब्लॅकबर्नच्या शेजारच्याच डार्वेनला. आमच्याकडे प्रताप मिलचा भोंगा गेला, त्यांच्याकडच्या गिरण्या गेल्या. त्यांच्याकडे क्लब राहिला.

आणि क्लब साधासुधा नव्हता. स्थापना १८७५ची, १८८८ साली पहिली फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक. १९९१मध्ये जॅक वॉकर नावाच्या गावच्याच पोलादवाल्याने तो हातात घेतला. केनी डॅलग्लिशला मॅनेजर केलं, गोल मारण्यात पटाईत ॲलन शिअरर आणला, आणि १९९५ला प्रीमियर लीग जिंकून दाखवली. ८९ पॉइंट, युनायटेडचे ८८. शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न लिव्हरपूलमध्ये हरला होता, पण तिकडे युनायटेडची मॅच बरोबरीत सुटली. वॉकरनेही पैसा ओतला, हे लपवण्यात अर्थ नाही. शिवाय तो राहायचा जर्सी बेटावर. म्हणजे "मालक गावात राहत नाही" ही माझी तक्रार तिथेच मोडते. पण वॉकर लहानपणापासून याच क्लबचा चाहता. टीम हरली तर त्याचा रविवार खराब व्हायचा. २०००मध्ये तो वारला. त्याच्या ट्रस्टने दहा वर्षं क्लब जेमतेम चालवला आणि मग विकला.

आता दुसरा प्रश्न.

नव्या मालकांनी पहिला महिनाही पुरा होऊ दिला नाही. सॅम ॲलरडाइस हा जुना मुरलेला मॅनेजर होता, टीम तेराव्या नंबरवर, म्हणजे कुणालाही न घाबरता झोपावं अशा जागी. त्याला काढलं. बातम्यांत ब्राझीलचा मोठा खेळाडू रोनाल्डिन्हो येणार म्हणून नाव आलं. मी हॉस्टेलभर सांगत सुटलो. रोनाल्डिन्हो ब्राझीलला गेला आणि कोचिंग स्टाफमधल्या स्टीव्ह कीनला मॅनेजर केलं गेलं. २०११मध्ये आमचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये चिकनच्या तंगड्या खाताना जाहिरातीत दिसले. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं, हे कबूल करतो.

त्याच ऑक्टोबरात टीम पुण्याला आली, बालेवाडीला पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण मॅच. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेलो, अंगात तो शिवलेला शर्ट. वॉर्मअप करणारे खेळाडू माझ्यापासून पन्नास पावलांवर. एकाने चेंडू हवेतून छातीवर घेतला आणि पायाशी ठेवला, जसं कुणी बाळ पाळण्यात ठेवतं. आवाज आलाच नाही. इतकी वर्षं झाली, तो न आलेला आवाज मला आठवतो. परतताना बसमध्ये मात्र एक प्रश्न डोक्यात आला: टेबलमध्ये तळाच्या आसपास असलेल्या टीमला सीझन चालू असताना अर्धं जग ओलांडून इथे कशाला आणलं? मला खूश करायला? मी खूश झालो, हे खरं.

सात महिन्यांनी, ७ मे २०१२, विगनशी घरची मॅच. आपल्याकडे मध्यरात्री साडेबारा. लोडशेडिंग, कूलर बंद, गच्चीवरही पाठ भाजत होती. मोबाइलवर स्कोअर बघत होतो. तिकडे कुणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. शेवटच्या काही मिनिटांत विगनने गोल केला आणि आम्ही प्रीमियर लीगमधून खाली गेलो. सकाळी पेपरांत कोंबडीचाच फोटो. हॉस्टेलवर महिनाभर माझं नाव "कोंबडी" होतं.

पुढचा सीझन त्याहून विनोदी. कीन गेल्यावर एक मॅनेजर ५७ दिवस टिकला, त्याच्यानंतरचा ६७ दिवस. आमच्याकडे सालगडीसुद्धा निदान अक्षय्य तृतीयेपर्यंत ठेवतात. २०१७ला क्लब तिसऱ्या पातळीवर घसरला, शेवटची मॅच जिंकूनही, गोलफरकाने, म्हणजे मारलेले गोल वजा खाल्लेले गोल या हिशेबाने. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब इतका खाली जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी परत दुसऱ्या पातळीवर आला, हेही सांगायला हवं.

इथे गिऱ्हाईक म्हणतं, मालक कंजूष असेल. नाही हो. इतक्या वर्षांत त्यांनी २० कोटी पौंडांच्या वर पैसा घातलाय. बरेच मालक क्लबमधून काढतात, हे घालतात. म्हणूनच माझा राग धड निघत नाही. घरातल्या माणसाने पैसे दिले आणि दवाखान्यात कुणी आलंच नाही, तर भांडायचं कुणाशी? वर्षानुवर्षं मालक क्लबच्या इवुड पार्क मैदानावर फिरकले नाहीत. जानेवारी २०२३मध्ये एक चांगला मिडफिल्डर उसना घ्यायचं ठरलं, आणि क्लबची कागदपत्रं वेळेत गेली नाहीत. त्या वर्षी आम्ही ६९ पॉइंटवर सातवे, सहावा सुंडरलँडही ६९वर. प्लेऑफ, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये जायची शेवटची संधी देणाऱ्या मॅचेस, गोलफरकाने हुकल्या. बरं, शहाणपण आलं असेल? जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेहून एक स्ट्रायकर आला, आणि पुन्हा कागदांचा घोळ. पीक विम्याची शेवटची तारीख चुकवून रडत येणाऱ्याला मी दुकानात जे बोलतो, तेच शब्द त्या रात्री तोंडात आले. सलग दोन वर्षं तारीख चुकवणारा शेतकरी माझ्या पाहण्यात नाही.

महत्त्वाकांक्षेचा दुसरा नमुना लीड्स या इंग्लंडातल्याच क्लबचा. तिथले अध्यक्ष उलट रोज हजर. त्यांनी चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेच्या, पुढच्या कमाईच्या भरवशावर कर्ज काढून खेळाडू घेतले. म्हणजे उभ्या पिकावर उचल, तीही कोरडवाहू शेतात. २००१ला सेमीफायनल, २००४ला खाली, २००७ला तिसऱ्या विभागात. प्रीमियर लीगमध्ये परतायला २०२० उजाडलं.

मग कुणी शिकलेला म्हणतो, जर्मनीसारखं करा, तिथे क्लबात निम्म्याहून एक मत जास्त सभासदांचं. ऐकायला गोड आहे. माझे वडील एका सहकारी सूतगिरणीचे सभासद होते, नाव नको. त्यांच्याबरोबर एकदा वार्षिक सभेला गेलो होतो. मांडवात पंखे, समोर संचालक मंडळ, सचिव अहवाल वाचतोय की मंत्र म्हणतोय कळेना, आणि प्रत्येक विषयाला पुढच्या दोन रांगांतून "मंजूर! मंजूर!" वडिलांनी तोट्याबद्दल विचारायला हात वर केला, तर एकाने त्या हातात चिवड्याचं पाकीट ठेवलं. गिरणी गेली. जर्मन लोकांचं चालत असेल, त्यांना चिवडा कुणी देत नसेल.

अमळनेरकराला मालकी शिकवायला लागत नाही. विप्रो इथल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून १९४५ला निघाली, आणि तिचे जुने शेअर सांभाळून ठेवलेली घरं गावात आजही आहेत. पण शेअर नको झाला तर विकता येतो. हा शर्ट विकायला काढला तर कोण घेईल?

राग धड न निघण्याचं आणखी एक कारण आहे, ते गिऱ्हाइकाला सांगत नाही, इथे सांगतो. चार पैसे जमले तेव्हा मी पारोळ्याला दुसरं दुकान टाकलं. मोठा बोर्ड, उद्घाटनाला पेढे, भाषणात मी "पुढल्या वर्षी धुळे" असं बोलून गेलो. पुतण्याला बसवलं. पोरगा प्रामाणिक, पण नाही म्हणता येत नाही त्याला, ओळखी-अनोळखी सगळ्यांना उधारी. मी रोज संध्याकाळी फोन करायचो, "आज किती?" तो आकडा सांगायचा, मी "बरं" म्हणायचो. अठरा-वीस किलोमीटर अंतर, पण खरिपात मी तिकडे तीनदा गेलो असेन. एकदा गेलो तर उधारीच्या वहीची पानं उंदरांनी कुरतडलेली, आणि पुतण्या म्हणाला, "काका, सांगणार होतो, पण तुम्ही फोनवर घाईत होता." दोन सीझनमध्ये शटर ओढलं. त्यानंतर पुण्याकडे बोट दाखवताना हात थोडा आखडतो.

पण आखडतो, खाली येत नाही. ॲडम व्हार्टन हा ब्लॅकबर्नचाच पोरगा, सहा वर्षांचा असल्यापासून क्लबच्या अकादमीत. फेब्रुवारी २०२४मध्ये क्रिस्टल पॅलेस या लंडनच्या क्लबला विकला, १ कोटी ८० लाख पौंडांना. घरचं बी पेरलं, उगवलं, आणि फुलोऱ्यात असताना शेत विकलं. पैशाची गरज असेल, मला मान्य. पण विकून त्या जागी काय लावायचं, हे कुणीतरी बांधावर उभं राहून ठरवायला हवं की नको?

जूनमध्ये कपाशीच्या बियाण्याला गर्दी असते आणि तेव्हा इंग्लंडात सुट्टी, एवढी एकच गोष्ट माझ्या बाजूने आहे. हिवाळ्यात मात्र शनिवारी मॅच रात्री साडेआठला, ऐन दुकान आवरायच्या वेळी. या शनिवारीही आहे. गल्ल्यावर पुतण्याला बसवलंय.