येतं आणि येत नाही

“बटणं स्वतःची स्वतः लावते?” मॅडमनी विचारलं.

“लावते की,” मी म्हटलं, आणि बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला.

खोटं नव्हतं ते. शाळेच्या शर्टाची वरची दोन बटणं आमची मुलगी मनी लावते. तिसऱ्याला काज सापडत नाही, मग चौथं बटण तिसऱ्या काजात जातं आणि एक बाजू लांब, एक आखूड असं ध्यान आजीपुढे येऊन उभं राहतं. आजी सगळी सोडवून पहिल्यापासून लावते. पण दहा वर्षं नातेवाईक, शेजारी, शाळा सगळ्यांना “येतं की तिला, वेळ लागतो एवढंच” असं सांगून माझ्या जिभेला तेच वळण पडलं होतं. त्या दिवशी रुग्णालयातल्या त्या छोट्या खोलीत नेमकं उलटं सांगायचं होतं, आणि ते मला जमेना.

मनी हे तिचं घरातलं नाव. आम्ही भांडुपचे. 2022 साली ती दहा पूर्ण झाली आणि दोन गोष्टी एकदम अंगावर आल्या. पाचव्या वर्षी काढलेल्या तिच्या दिव्यांग प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि तिची शाळा चौथीपर्यंतच असल्यामुळे पाचवीला नवी शाळा शोधायची वेळ आली. मधली दोन वर्षं लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर गेली होती. मोबाइलवरच्या शाळेत मनी एकच गोष्ट शिकली, बाईंना म्यूट करायला. नव्या शाळेत चौकशीला गेलो तर उत्तर मिळालं, “आधी चालू तारखेचं प्रमाणपत्र आणा, मग बघू.” त्या “मग बघू”चा सूर बायकोला आवडला नव्हता. मी मात्र म्हटलं, एकेक करू.

पहिल्या वेळी सगळं कागदावर होतं. आता अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा चढवायचा आणि तपासणीसाठी रुग्णालय निवडायचं. दिव्यांगत्वाचा प्रकार निवडायला जी यादी उघडते ती लांबलचक. 1995च्या कायद्यात सात प्रकार होते, 2016च्या कायद्यात 21 झाले. त्यात आमचा शब्द “बौद्धिक अक्षमता”. जुन्या प्रमाणपत्रावर “मतिमंद” होतं, चाळीत “गतिमंद” म्हणतात, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर “स्पेशल चाईल्ड”. माझी आई यातला कुठलाच शब्द वापरत नाही. ती म्हणते, “आमची मनी सावकाश आहे.”

अर्ज एकदा परत आला, कारण आधारवर माझ्या नावात इंग्रजी ‘ए’ एक जास्त आणि जन्मदाखल्यावर एक कमी. ती दुरुस्ती होऊन येईपर्यंत बरेच दिवस गेले. तुम्ही अर्ज भरणार असाल तर आधी तिन्ही-चारही कागद शेजारी ठेवून नावाची अक्षरं मोजा, मग पुढे जा.

रुग्णालयाच्या फेऱ्या पाच झाल्या. केसपेपर आणि बालरोग विभाग, मग कानाची तपासणी (ऐकू नीट येत नसेल तरी मूल मागे पडतं, म्हणून ते आधी बघतात), मग मानसशास्त्रज्ञांची तारीख, मग प्रमाणपत्र देणारं डॉक्टरांचं बोर्ड, मग सही-शिक्क्यासाठी एक जास्तीची, कारण बोर्डाच्या दिवशी एक डॉक्टर रजेवर होते. बोर्डाचा वार ठरलेला असतो हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दारावर कागद चिकटवला होता खरा, पण त्याच्यासमोर स्टीलचं कपाट होतं.

यातल्या दुसऱ्या फेरीचा प्रवास सांगायलाच हवा. सकाळची गर्दी म्हणून आम्ही दिव्यांगांच्या डब्यात चढलो. फलाटावर हा डबा जिथे थांबतो तिथे बीप बीप वाजत असतं, मनीला तो आवाज पाठ आहे, ती आम्हाला ओढतच नेते. आत एक गृहस्थ म्हणाले, “हिला काय झालंय? चांगली चालतेय की. नॉर्मल लोक घुसतात म्हणून आम्हाला जागा मिळत नाही.” त्यांचंही खरं होतं, त्या डब्यात धडधाकट माणसं रोज घुसतात. मी पिशवीतून जुनं प्रमाणपत्र काढू लागलो, ते नेमकं तळाशी. सगळा डबा आता मनीकडे बघतोय, तिला काय झालंय ते शोधतोय. मनी हसली आणि त्यांना म्हणाली, “काका, खिडकी.” तेवढ्यात कोपऱ्यातले एक अंध गृहस्थ म्हणाले, “बसू द्या हो तिला. मला तरी कुठे दिसतंय तिला काय झालंय ते!” डबा हसला, खिडकी मिळाली. मी प्रमाणपत्र घडी करून परत ठेवलं. त्याची मुदत संपलेली आहे हे कोणी पाहिलं नाही ते बरंच झालं.

तर ती खोली. मानसशास्त्रज्ञ मॅडम तरुण होत्या, आवाज मऊ. मनीपुढे त्यांनी लाकडी पाट ठेवला. त्यात दहा आकारांची भोकं आणि दहा ठोकळे, गोल, चौकोन, चांदणी असे. हातात स्टॉपवॉच. मनीने गोल झटकन बसवला, चौकोन बसवला, चांदणी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि मॅडमच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, “तुला.” घड्याळ चालूच. मॅडमनी चांदणी परत दिली, मनीने पुन्हा त्यांना दिली. आमच्या घरात वाटून खायची सवय आहे, ती वेळेत मोजली गेली.

मग आमची परीक्षा. ही चाचणी मूळची अमेरिकेतल्या व्हाइनलँडची, पण आपल्याकडे वापरतात ते रूप नागपुरात डॉ. मालिन यांनी बसवलेलं, हे मॅडमनीच सांगितलं. एकूण 89 गोष्टी. मूल केस विंचरतं का, एकटं आंघोळ करतं का, रस्ता ओलांडतं का, दुकानातून किरकोळ वस्तू आणतं का. मुलाला न विचारता आईबापांना विचारायचं. बटणांच्या प्रश्नानंतर मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “दादा, तुम्ही तिची बाजू घेताय ते कळतंय मला. पण इथे जे जास्त सांगाल ते तिच्या हक्कातून कमी होईल. कोणी मदत केली नाही तर काय होतं, तेवढंच सांगा.”

पुढचं सगळं बायकोने सांगितलं. मी ऐकत होतो. “नाही. पाणी अंगावर घेते, पण साबण तसाच राहतो. नाही, रस्ता नाही, गाडी दिसली की मधेच थांबते. दुकानात नाही, पैसे देते आणि वस्तू न घेताच परत येते.” प्रत्येक ‘नाही’ अगदी खरा होता, आणि इतके ‘नाही’ एका ओळीत मी कधी ऐकले नव्हते.

हिशोब असा असतो. चाचणीवरून मुलाचं सामाजिक वय काढायचं, त्याला खऱ्या वयाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. मनी दहा वर्षं दोन महिन्यांची, सामाजिक वय पाच वर्षं एक महिना, म्हणून आकडा 50. तक्त्यात 55 ते 69 ला 50 टक्के दिव्यांगत्व, 36 ते 54 ला 75 टक्के. मी बटणं, आंघोळ, दुकान सगळ्याला “येतं” म्हणत गेलो असतो तर आकडा वरच्या रकान्यात गेला असता. बापाच्या अभिमानाचे 25 टक्के.

बायको परतीच्या गाडीत काही बोलली नाही. भांडुपला उतरून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. रात्री मेथी निवडताना म्हणाली, “पाच वर्षांची म्हणे.” थोड्या वेळाने म्हणाली, “पाच वर्षं एक महिना.” आणि देठं वेगळी काढत राहिली.

दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, म्हणजे कार्ड, पोस्टाने आलं, पिवळ्या पट्ट्याचं. 40च्या खाली पांढरा पट्टा, 40 ते 79 पिवळा, 80 आणि पुढे निळा. कार्ड आल्यावर बाकीची कामं भराभर झाली. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. आयकराच्या जुन्या करपद्धतीत राहिलात तर 75,000ची वजावट मिळते. रेल्वेच्या स्लीपरला 75 टक्के आणि मासिक पासाला 50 टक्के सवलत, सोबत्यालाही तेवढीच. तिथेही डॉक्टरांची सही हवी ती “सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही” या वाक्याखाली. आतापर्यंत असे बरेच कागद जमले होते. बायकोने त्यांची एक निळी फाईल केली आणि वर लिहिलं, “येत नाही.”

शाळेत निळी फाईल घेऊन गेलो आणि तिथेच फसलो. मुख्याध्यापिका बाईंनी 75 टक्के हा आकडा वाचला आणि फाईल मिटली. “अहो, एका वर्गात साठ मुलं. तिच्याच भल्यासाठी सांगते, विशेष शाळेत घाला. शिवडीला जय वकील आहे.” जय वकील आम्ही पाहिलेली होती. 1944 पासूनची शाळा, तिथलं काम चांगलं आहे, मलाही पटलं होतं. पण भांडुपहून शिवडी रोज जाऊन-येऊन, आणि चाळीतली तिच्या बरोबरीची सगळी पोरं या समोरच्या शाळेत. तिला त्यांच्यात राहायचं होतं. बाई तोंडी नाही म्हणत होत्या, लेखी काहीच देत नव्हत्या. नकार कोणी लेखी देत नाही, हे मला तिथे कळलं.

तेव्हा मी अर्ज लिहिला. 2016च्या कायद्याचं कलम 31 सांगतं की 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पसंती आमची, शाळेची नव्हे. अर्जाच्या दोन प्रती नेल्या, एकीवर पोच घेतली. क्लार्क शिक्का मारायला तयार नव्हता, म्हणून बाकावर बसून राहिलो. डबा खाल्ला. साडेतीनला शिक्का मिळाला.

मधल्या दिवसांत आईने दुसरी फाईल सुरू करायला लावली. “तिला काय येतं ते पण लिहा की मेल्यांनो.” तीच सांगत गेली आणि बायकोने लिहून घेतलं. मजल्यावरच्या अकरा बिऱ्हाडांची नावं दारांच्या क्रमाने सांगते. पोळ्या मोजून डब्यात ठेवते, सातापर्यंत. कोणी रडत असेल तर पाणी नेऊन देते. गाडीतल्या घोषणेआधी पुढचं स्टेशन सांगते, ठाण्यापासून दादरपर्यंत. चुकत नाही. बोलावणं आलं तेव्हा बाईंपुढे आधी ही फाईल ठेवली, निळी पिशवीतच राहू दिली. बाईंनी दोन पानं वाचली. “पोळ्या सातापर्यंतच का?” असं विचारलं. “डब्यात तेवढ्याच मावतात,” बायको म्हणाली. प्रवेश झाला. फाईलमुळे झाला की पोच घेतलेल्या अर्जामुळे, ते बाईंनाच ठाऊक.

वर्ष काही गुळाचं गेलं नाही. आधी तिला दाराजवळ एकटीला बसवलं, “इतरांना त्रास नको” म्हणून. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतल्या फिरत्या विशेष शिक्षिका आल्या, त्यांनी ते पाहिलं आणि तिला दोन मुलींच्या मधे बसवायला लावलं. बाकीच्यांना पानभर उत्तरं, तिला तोच धडा चित्रांवर. तीन महिन्यांसाठी तीनच ध्येयं: स्वतःचं पूर्ण नाव, नाणी ओळखणं, डबा स्वतः उघडून बंद करणं. गणिताच्या तासाला ती झोपते, अजूनही. सहलीला “पालक सोबत असेल तरच” असं सांगितलं, बाकी एकाही मुलाला ही अट नव्हती. मी भांडायचं म्हटलं, बायकोने रजा टाकली आणि गेली. याबाबतीत आमचं दोघांचं अजून जमलेलं नाही.

शाळेची पितळी घंटा वाजली की मनी कानांवर हात घेऊन बाकाखाली जायची. यावर ना आमच्याकडे उपाय होता ना शिक्षिकांकडे. शिपाईमामांनी एक दिवस तिला घंटेपाशी नेलं आणि टोला हातात दिला. आपण वाजवली तर भीती वाटत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. तेव्हापासून मधल्या सुट्टीची घंटा तिची. एकदा तिने दहा मिनिटं आधीच वाजवली, सगळी शाळा मैदानात. मामांना बोलणी बसली, मनी त्या दिवशी वर्गाची राणी होती.

परवा आईने तिला खालच्या बेकरीत पाठवलं, वीस रुपये देऊन. मी गॅलरीतून बघत होतो. पैसे दिले, पाव घेतले, परत निघाली. हे पहिल्यांदाच. वर येईपर्यंत दोन पाव कमी. एक तिने जिन्यात खाल्ला होता, दुसरा पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना दिला होता, मागितला नसताना. आईचं म्हणणं हे “येतं”च्या फाईलीत लिहा. बायको म्हणते, अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी आहे, हे असं काही लिहून ठेवू नका.